घडणारच होते की घडू दिले?

परभणी जिल्ह्यातल्या मानवत या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले. मारल्या गेलेल्यांत दहाएक वर्षांच्या मुली होत्या, पस्तिशीच्या आसपासच्या बायका होत्या आणि एक तान्हे मूलही होते. स्थानिक तपासाला वाट सापडेना, तेव्हा मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. त्याआधी साखळी खून करणाऱ्या रामन राघवच्या प्रकरणामुळे त्यांचे नाव महाराष्ट्रभर झालेले होते. पिंपळावरच्या मुंज्याला कुमारिकांचे रक्त दिले की गुप्तधन सापडेल आणि मूलही होईल, या समजुतीतून हे खून झाले, अशी फिर्यादी पक्षाची मांडणी होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली त्याचा निकाल लागला. विजय तेंडुलकरांनी या घटनेवरून पटकथा लिहिली आणि अमोल पालेकरांनी १९८१ साली ‘आक्रीत’ हा दिग्दर्शक म्हणून आपला पहिला चित्रपट तिच्यावर केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, आधार कुलकर्णींनीच लिहिलेल्या आठवणींचा. म्हणजे पन्नास वर्षांत ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली गेली आणि पुढेही सांगितली जाईल. म्हणून एक प्रश्न नीट विचारून घेतला पाहिजे. ज्याचा शेवट सगळ्यांना ठाऊक आहे आणि जे खरोखर घडले आहे, ते सांगताना लेखकाने पुढच्या घटनांची चाहूल कुठे आणि कशाच्या रूपाने द्यावी?

प्रश्न तंत्राचा वाटतो, पण तो तेवढ्यावर थांबत नाही. काल्पनिक कथेत पूर्वसूचन हा लेखकाचा निर्विवाद हक्क आहे. शेवट त्यानेच घडवलेला असतो, त्यामुळे त्या शेवटाकडे जाणाऱ्या खुणा पेरण्याचा अधिकारही त्याचाच. पहिल्या अंकात भिंतीवर बंदूक टांगलेली दाखवली तर पुढे ती उडालीच पाहिजे, हा चेखॉवचा आग्रह याच हक्कातून आलेला आहे: कथेच्या जगात निरर्थक काही नसते. आपल्या नाट्यशास्त्राने तर या युक्तीचे पोटप्रकार पाडून ठेवले आहेत. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम सीतेविषयी म्हणतो की हिचे सगळेच प्रिय आहे, असह्य असेल तो फक्त विरह, आणि त्याच क्षणी प्रतिहारी येऊन कुणीतरी आल्याची वर्दी देते. आलेला असतो लोकापवाद कानावर घालणारा हेर. पण प्रेक्षकाच्या कानात ‘विरह’ आणि ‘आला’ हे दोन शब्द एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या सहा अंकांचे दुःख एका क्षणात रंगमंचावर उभे राहते. भवभूतीचे हे कसब अद्भुत आहे, आणि त्याला कुणी अन्यायकारक म्हणणार नाही.

तरीही याच परंपरेतले दुसरे उदाहरण जरा थांबून पाहण्यासारखे आहे. महाभारताच्या आदिपर्वातला दुष्यंत शकुंतलेला ओळखतो आणि ओळखूनही नाकारतो. लोक काय म्हणतील ही त्याची भीती असते. कालिदासाने ही कथा घेतली आणि तिच्यात दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली. शापामुळे राजा विसरतो, अंगठी हरवते म्हणून त्याला आठवत नाही, अंगठी सापडते तेव्हा तो तळमळतो. नाटक म्हणून ही रचना अतुलनीय झाली, यात शंका नाही. पण नैतिक हिशेब काय झाला? मूळ कथेत एका माणसाने केलेला अन्याय नाटकात एका शापाने केला. ऋषी रागावतो तिथे पुढच्या विपत्तीची सूचना मिळते आणि त्याच सूचनेत राजाची सुटकाही लपलेली असते. आगाऊ दिलेली खूण फक्त उत्कंठा वाढवत नाही, ती जबाबदारीही एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवते. पुराणकथेतल्या राजाबाबत हे चालून जाईल. मानवतच्या मुलींबाबत चालवून घ्यावे का?

मला वाटते, चालवून घेऊ नये. आणि त्याचे कारण या गुन्ह्याच्या स्वरूपातच आहे. फिर्यादी पक्षाने मांडलेला हेतू खरा मानला, तर हे खून खुणा वाचण्याच्या एका पद्धतीतून झाले. पिंपळ हे झाड न राहता निवासस्थान झाला, मुंज होऊन लग्नाआधी मेलेल्या मुलाचे भूत त्यावर राहते असे ठरले, वाड्याखाली धन आहे असे ठरले आणि कुणीतरी जाणता ते धन काय मागते हे सांगू लागला. या विचारसरणीत जगातली कुठलीही वस्तू नुसती वस्तू नसते. प्रत्येक गोष्ट पुढच्या कशाकडे तरी बोट दाखवत असते, आणि ते बोट कुठे रोखले आहे हे फक्त मांत्रिकाला कळते. आता एखादा कथाकार हीच घटना सांगताना पहिल्याच दृश्यात सळसळणारा पिंपळ, अवेळी ओरडणारे घुबड, विहिरीवर कलंडलेली घागर आणि जमिनीवर सांडलेले कुंकू दाखवतो, तेव्हा तोही प्रेक्षकाला तेच सांगत असतो: या गावात वस्तू बोलतात, त्यांना पुढचे माहीत आहे. भीती निर्माण होते, पण ती भीती मांत्रिकाच्या बाजूने साक्ष देते. अंधश्रद्धेविरुद्ध म्हणून केलेली कलाकृतीसुद्धा केवळ खुणांच्या निवडीमुळे अंधश्रद्धेचे व्याकरण पाठ करून घेऊ शकते, आणि ते पाठ झालेले प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही.

याहून गंभीर नुकसान मेलेल्यांचे होते. १९९४ साली मायकेल आंद्रे बर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासकाने ज्यूंच्या संहारावरच्या लेखनाविषयी एक मर्मभेदी मुद्दा मांडला. शेवट माहीत असलेला लेखक मागे वळून असे लिहितो की जणू त्या काळातल्या माणसांनाही तो दिसायला हवा होता. मग १९१३च्या व्हिएन्नात नाटकाला जाणारी ज्यू माणसे वाचकाला आंधळी आणि भोळी वाटू लागतात. मागून टाकलेल्या सावलीचा दोष त्या सावलीत उभ्या असलेल्यांच्या माथी येतो. ट्रुमन कपोटीचे ‘इन कोल्ड ब्लड’ १९६६ साली आले, तेव्हापासून खऱ्या खुनांवरच्या पुस्तकांचा तो आदर्श मानला गेला आहे. त्यातही कॅन्ससमधला, पुढे मारला जाणारा शेतकरी सकाळी घराकडे आणि दिवसाच्या कामाकडे निघतो, तेव्हा निवेदक सांगून टाकतो की हा त्याचा शेवटचा दिवस आहे, हे त्याला माहीत नाही. वाक्य परिणामकारक आहे. पण त्या क्षणापासून वाचक त्या माणसाचा दिवस त्याच्याबरोबर जगत नाही, वरून पाहतो. मानवतच्या आईबापांचे असेच होते. मुलगी घराबाहेर पडते, पार्श्वसंगीत बदलते आणि प्रेक्षकाच्या मनात येते, हिला एकटीला का पाठवले? ज्या गावात पोरी पाण्याला, सरपणाला, रानात, बाजारात रोज एकट्यादुकट्या जात होत्या आणि रोज परत येत होत्या, तिथे त्या आईने काय चूक केली? पडद्यावरच्या त्या सुरावटीने तिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला जातो, आणि तो पुसायला ती तिथे नसते.

याचा अर्थ खऱ्या घटनेच्या कथनातून पूर्वसूचन हद्दपार करावे असा नाही. तसे करता येणारही नाही. आधी काय सांगायचे आणि नंतर काय, हे ठरवले की चाहूल आपोआप तयार होते. माझे म्हणणे इतकेच आहे की अशा कथेतली खूण ‘हे होणारच होते’ असे सांगणारी नसावी, ‘हे इथे थांबवता आले असते’ असे सांगणारी असावी. दोन्हींमधला फरक जुन्या कवींना चांगला कळत होता. दुर्योधन जन्मतो तेव्हा महाभारतात कोल्हे ओरडतात, अशुभ चिन्हे दिसतात. एवढ्यावर व्यास थांबले असते तर कौरवांचा नाश ही आकाशातून आलेली गोष्ट ठरली असती. पण विदुर उभा राहतो आणि हे मूल टाक असे धृतराष्ट्राला सांगतो, आणि धृतराष्ट्र ऐकत नाही. सल्ला आपल्याला निर्दय वाटतो, त्यावर वाद घालता येईल. कथनाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कोल्ह्यांच्या ओरडण्यापाशी न थांबता व्यास एका बापाच्या निर्णयापाशी येतात. पुढे द्यूतसभेत, कृष्णशिष्टाईत, युद्धाच्या आदल्या रात्रींतही असेच होते: सूचना येते, कुणीतरी ती उच्चारून दाखवते आणि कुणीतरी ती नाकारते. प्रत्येक वेळी दार उघडे असते. म्हणूनच इतकी भाकिते असूनही महाभारत माणसांच्या करणीचेच काव्य राहिले आहे.

आधुनिक मराठीत याचे सर्वांत नेमके उदाहरण तेंडुलकरांचेच आहे. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये सुरुवातीलाच हॉलच्या दाराच्या कडीचा उल्लेख येतो. ती नीट सरकत नाही, बोटाला लागते, चुकली तर माणूस आत अडकतो. सगळे हसण्यावारी जाते. पुढे अभिरूप खटल्याचा खेळ उलटतो, लीला बेणारे निघून जायला दाराकडे धावते, आणि दार उघडत नाही. यात शकुन नाही, दैव नाही. एक बिघडलेली कडी आहे, जी कुणीही दुरुस्त केली नाही, आणि खोलीत सात-आठ माणसे आहेत, ज्यांच्यापैकी कुणीही बेणारेसाठी हा खेळ थांबवत नाही. कडीने पुढचे सांगितले होते खरे, पण पुढचे घडवले ते माणसांनी. हिंसेची रूपे हा तेंडुलकरांचा सत्तरच्या दशकातला ध्यास होता, आणि मानवतचा विषय त्यांच्यापर्यंत येणे अगदी स्वाभाविक होते. मानवतवर लिहू पाहणाऱ्या कुणालाही त्यांच्या या कडीपासून, माझ्या मते, पिंपळापेक्षा जास्त शिकता येईल.

इथे एक आक्षेप निघतो, आणि तो वजनदार आहे. शकुन नकोत, कारणे दाखवा, असे तुम्ही म्हणता. पण कारणेही मागाहूनच निवडली जातात. १९७२चा दुष्काळ घ्या. मराठवाड्याचे कंबरडे मोडणारे ते वर्ष होते. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोल गेली, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला आणि सुकडी खायला गेली. खून त्याच वर्षी सुरू झाले. मग पहिल्या दृश्यात भेगाळलेली जमीन दाखवणारा दिग्दर्शक घुबड दाखवणाऱ्यापेक्षा खरा कसा? दुष्काळ हजारो गावांत होता, मुलींचे बळी त्या हजारो गावांत पडले नाहीत. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. भेगाळलेली जमीन ही शहरी प्रेक्षकासाठी तयार झालेली शकुनाचीच आवृत्ती आहे: मराठवाडा, दुष्काळ, दारिद्र्य, अंधश्रद्धा, खून अशी साखळी एकदा मनात बसली की मानवत हे गाव नावापुरते उरते आणि त्याच्या जागी एक ठसा येतो. कापसाच्या मोसमात गजबजणारा बाजार, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गावाच्या नावाने असलेले मानवत रोड स्टेशन, शाळा, कोर्टकचेरी, देवळे, देणीघेणी, हे सगळे त्या ठशात मावत नाही. गावावर झालेला हा दुसरा अन्याय आहे. आजही मानवतच्या माणसाने परगावी आपल्या गावाचे नाव सांगितले की समोरच्याला आधी ते खूनच आठवतात.

म्हणून कारण दाखवतानाही त्या कारणाची मर्यादा दाखवावी लागते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. तिच्या शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. हा शेवट अचानक वाटत नाही, कारण ही वस्ती पावसावर आणि मेंढरांवर कशी उभी आहे ते लेखक रोजच्या व्यवहारातून दाखवत आलेला असतो. तिथे कारण आणि परिणाम यांचे प्रमाण जुळते: पाऊस नाही, चारा नाही, माणसे जगायला दुसरीकडे जातात. दुष्काळाने माणसे गाव सोडतात हे कळते. दुष्काळाने माणूस दहा वर्षांची मुलगी मारतो हे कळत नाही, आणि कळल्यासारखे दाखवूही नये. मधली जागा रिकामी आहे, आणि प्रामाणिक लेखकाने ती रिकामीच ठेवली पाहिजे. त्या जागेत माणसे येतात. ज्याच्या हातात पैसा आहे, ज्याला दाबता येते, ज्याच्या वाड्यात काय चालते हे विचारायची कुणाची छाती होत नाही. जो मजुरीसाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि सांगितलेले काम करतो. ज्याने काहीतरी पाहिले आहे आणि जो बोलत नाही. कथेतली चाहूल या तिसऱ्या माणसापाशी ठेवली तर ती सर्वांत खरी ठरेल.

दुसरा आक्षेप असा की गावातली माणसे स्वतःच शकुन मानत होती. टिटवी ओरडली की दचकत होती, पिंपळाखालून संध्याकाळी जात नव्हती. मग ते वगळणे म्हणजे त्यांचे जग खोटे करणे नाही का? आहे, वगळू नये. पण पात्राने शकुन मानणे वेगळे आणि निवेदकाने तो खरा करून दाखवणे वेगळे. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी १९५१ साली कोलंबियात घडलेल्या एका खऱ्या खुनावरून ‘क्रॉनिकल ऑफ अ डेथ फोरटोल्ड’ लिहिले. हेही ‘आक्रीत’सारखे १९८१ चेच. सांतियागो नासार मारला जाणार हे पहिल्याच वाक्यात कळते. त्याला पडलेली स्वप्ने आहेत, आणि त्याची आई स्वप्नांचा अर्थ सांगण्यात गावात प्रसिद्ध आहे. पण तिला तिच्या मुलाच्या स्वप्नांत काही वाईट दिसत नाही. शकुन तिथे आहे, आणि तो कुचकामी आहे. दुसरीकडे मारायला निघालेले जुळे भाऊ ज्याला त्याला सांगत सुटले आहेत की आम्ही त्याला मारणार. चाकूंना धार लावताना सांगतात, दुधाच्या दुकानात सांगतात, त्यांना कुणीतरी अडवावे अशीच जणू त्यांची इच्छा आहे. जवळपास सगळ्या गावाला माहीत आहे, आणि प्रत्येकाजवळ न सांगण्याचे एकेक कारण आहे. खऱ्या घटनेच्या कथनात पूर्वसूचनाचा इतका न्याय्य वापर मी दुसरा वाचलेला नाही. तिथे भविष्य स्वप्नात लपलेले नाही, चारचौघांच्या तोंडी आहे, आणि त्यामुळे वाचक मृताला दोष देऊ शकत नाही. तो उरलेल्या सगळ्यांकडे पाहू लागतो.

तिसरा आक्षेप उत्कंठेचा. धाग्यादोऱ्यांवाचून रहस्यकथा बेचव होईल, प्रेक्षक उठून जाईल, असे म्हणतात. मला हे फारसे पटत नाही, कारण मानवतचा शेवट बहुतेकांना आधीच ठाऊक असतो. कुणी केले याची उत्कंठा इथे फारशी उरलेली नाही. कसे कळले आणि इतके दिवस का कळले नाही, याची मात्र अजून शिल्लक आहे, आणि ती जास्त खोल आहे.

आणि कुणी केले, हाही प्रश्न कथाकार समजतो तितका सोपा नाही. हा खटला वकिलांच्या अभ्यासात आजही येतो तो माफीच्या साक्षीदारामुळे. गुन्ह्यात सामील असलेला आणि माफीच्या बदल्यात सगळे सांगणारा माणूस म्हणजे जवळजवळ कादंबरीकारच: त्याची हकिगत सलग असते, तिच्यात सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, प्रत्येक खूण जागच्या जागी बसलेली असते. न्यायालयाने नेमक्या याच सलगपणापुढे सावधगिरी बाळगली. अशा साक्षीवर शिक्षा देणे कायद्याने अशक्य नाही, पण शहाणपण असे सांगते की महत्त्वाच्या तपशिलांत आणि त्या त्या आरोपीच्या संबंधात तिला स्वतंत्र पुरावा जोडून मिळाला पाहिजे. या कसोटीवर काहींच्या शिक्षा कायम राहिल्या. ज्या दोघांभोवती कटाची सगळी मांडणी उभी होती, त्यांच्यावरचा आरोप मात्र अखेरपर्यंत टिकला नाही. कुणाला हा निकाल समाधानकारक वाटेल, कुणाला वाटणार नाही. कथाकाराला मात्र त्यातून एक अडचण येते, आणि ती त्याने टाळू नये. पहिल्या भागात एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा दोन क्षण जास्त थांबला की प्रेक्षकाच्या मनात निकाल लागतो. नामवंत नट त्या भूमिकेत असेल तर कॅमेरा थांबायचीही गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने सलग गोष्टीला पुरावा मागितला. पूर्वसूचन पुरावा न मागताच गोष्ट सलग करते. जिथे कायद्याने शंकेचा फायदा दिला, तिथे कथेने निदान ती शंका तरी जिवंत ठेवावी. हे कलेवरचे बंधन आहे असे मला वाटत नाही. शंका जिवंत ठेवणारी कथा लिहिणे जास्त कठीण आहे आणि जास्त मोलाचेही.

मग मानवतची कथा सांगणाऱ्याने चाहूल ठेवावी कुठे? उत्तर तारखांमध्येच आहे. पहिला खून नोव्हेंबर १९७२चा आणि शेवटचा जानेवारी १९७४चा. मध्ये तेरा महिन्यांहून जास्त काळ गेला. दुसऱ्या खुनाची सूचना पिंपळाने दिली नव्हती, टिटवीनेही दिली नव्हती. ती पहिल्या खुनाने दिली होती. एका मुलीचा मृतदेह सापडला, हीच पुढच्या मुलीविषयीची सूचना होती, आणि ती गूढ नव्हती, पंचनाम्यात लिहिलेली होती. तिसरा खून झाला तेव्हा दोन सूचना होत्या, पाचवा झाला तेव्हा चार. पटकथेच्या भाषेत बोलायचे तर या घटनेत चाहूल आणि घटना वेगळ्या नाहीत. प्रत्येक घटनाच पुढचीची चाहूल आहे. म्हणजे लेखकाने आपली सगळी ताकद दोन खुनांमधल्या काळावर लावली पाहिजे. त्या आठवड्यांत गाव काय बोलत होते, कुणाच्या घरी पोरींना बाहेर सोडणे बंद झाले आणि कुणाच्या घरी ते परवडत नव्हते म्हणून चालूच राहिले, संशय आधी कुणावर घेतला गेला, ज्याच्यावर घेतला त्याची गावातली जागा काय होती आणि ज्याच्यावर घेतला नाही त्याची काय. बलुतेदार, भटके, मजूर यांच्यावर संशय चटकन जातो आणि वाड्यावर उशिरा जातो, ही महाराष्ट्रातल्या गावांची जुनी रीत आहे. या रीतीचे चित्रण जिथे होईल, तिथे पुढचा खून प्रेक्षकाला आधी दिसेल, आणि तो शकुनाने दिसलेला नसेल.

नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २०१३ उजाडले. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले आणि त्यांचा खून झाल्यावरच सरकारने त्याचा वटहुकूम काढला. कायदा होऊनही गुप्तधनासाठी बळी दिल्याच्या किंवा द्यायला निघाल्याच्या बातम्या मधूनमधून येत असतात. अशी बातमी आली की शेजारी सांगतात, तिथे रात्री-अपरात्री काहीतरी चालायचे, आम्हाला वाटायचेच. हे ‘वाटायचेच’ ज्या दिवशी पहिल्यांदा वाटले, त्या दिवसाचे दृश्य मराठीत अजून नीट लिहिले गेलेले नाही: संध्याकाळची वेळ, शेजारच्या वाड्यात अनोळखी माणूस आलेला, ओट्यावर दोन बायका बोलत बसलेल्या, आणि त्यांच्यापैकी एकीने विचारलेला आणि दुसरीने उडवून लावलेला साधा प्रश्न.